गडचिरोलीचे घड्याळ सूर्यापेक्षा दहा मिनिटे पुढे का? (रेखांश आणि त्याचे मोजमाप)



"रेखांश म्हणजे काय?" हा प्रश्न परीक्षेत आला की सगळे उत्तर लिहितात. मूळ रेखावृत्तापासून एखादे ठिकाण पूर्वेला किंवा पश्चिमेला किती अंशावर आहे, ते अंशात्मक अंतर म्हणजे त्या ठिकाणाचा रेखांश. दोन गुण मिळाले, विषय संपला. पण मी वर्गात पुढचा प्रश्न विचारतो, "बरं, मग आपल्या गावाचा रेखांश काढून दाखवा. पुस्तक नाही, मोबाइल नाही. कसा काढाल?" मग वर्ग शांत होतो. खरा धडा तिथून सुरू होतो, म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवू आणि मोजमापाकडे वळू.

आपण चंद्रपूर-गडचिरोलीचे लोक या बाबतीत नशीबवान आहोत. एक तर गडचिरोली शहर जवळजवळ बरोबर ८०° पूर्व रेखावृत्तावर वसलेले आहे. गणिताला इतका सोयीचा आकडा फार कमी जिल्हा मुख्यालयांच्या वाट्याला आला असेल. चंद्रपूर सुमारे ७९°१८′ वर, म्हणजे थोडे पश्चिमेला. भामरागड सुमारे ८०°३५′ वर, पूर्वेला. आणि सिरोंचा? नकाशा उघडून बघा. गडचिरोलीपासून सरळ रेषेत जवळपास दीडशे किलोमीटर दक्षिणेला आहे, तरी त्याचा रेखांश पुन्हा ८०° च्या अगदी जवळ. एकाच रेखावृत्ताच्या दोन टोकांना आपल्या जिल्ह्यातली दोन गावे! हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

अक्षांश सोपा, रेखांश अवघड

आधी एक शंका दूर करू. अक्षांश आणि रेखांश पुस्तकात जुळ्या भावांसारखे एकत्र येतात, म्हणून दोन्ही सारखेच सोपे किंवा सारखेच अवघड असावेत असे वाटते. तसे नाही.

अक्षांशाला निसर्गानेच खुणा दिल्या आहेत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे दोन ध्रुव आपोआप ठरले आणि त्यांच्या बरोबर मध्ये विषुववृत्त आले. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंश वर दिसतो ते मोजा, तोच साधारण तुमचा अक्षांश. गडचिरोलीत तो सुमारे २० अंशांवर दिसतो. हात लांब करून घट्ट मूठ डोळ्यांसमोर धरली तर ती अंदाजे १० अंश झाकते. म्हणजे क्षितिजापासून दोन मुठी वर ध्रुवतारा. झाला अक्षांश.

रेखांशाला असा कोणताही तारा नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे जे तारे आज रात्री गडचिरोलीवरून जातात, तेच थोड्या वेळाने मुंबईवरून जातात. आकाश दोघांनाही सारखेच दिसते, फक्त मागेपुढे. शिवाय शून्य कुठे मानायचे हेही निसर्ग सांगत नाही, ते माणसांनीच ठरवायचे असते. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषग्रंथांत उज्जैनवरून जाणारी रेषा शून्य मानली जात असे. फ्रान्सने पॅरिस धरले, इंग्लंडने ग्रीनिच. शेवटी १८८४ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ग्रीनिचचे रेखावृत्त मूळ रेखावृत्त म्हणून स्वीकारले गेले. यात भूगोलापेक्षा व्यवहार जास्त होता. त्या काळी बहुतेक जहाजे ग्रीनिचवर आधारलेले नकाशेच वापरत होती.

(जाता जाता एक सूचना. हिंदी व्हिडिओमध्ये रेखांशाला 'देशांतर' म्हणतात. आपल्या पुस्तकात 'रेखांश' हाच शब्द आहे. मराठीत देशांतर म्हटले की लोकांना परदेशी जाणे आठवते, त्यामुळे पेपरात रेखांशच लिहा.)

रेखांश म्हणजे खरे तर वेळ

आता मुख्य गोष्ट. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि एक अंश फिरायला ४ मिनिटे. हे गणित आठवीत 'स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ' शिकताना येते, आणि आपण ते फक्त उदाहरणे सोडवायला वापरतो. पण हेच गणित उलटे फिरवले की ते मोजण्याचे साधन होते. दोन ठिकाणी सूर्य डोक्यावर येण्याच्या वेळांत किती मिनिटांचा फरक आहे हे कळले, तर त्याला ४ ने भागा. दोन ठिकाणांच्या रेखांशांतला फरक मिळाला!

भारताची प्रमाण वेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरची आहे, मिर्झापूरजवळून जाणारी. गडचिरोली ८०° वर, म्हणजे अडीच अंश पश्चिमेला. अडीच गुणिले चार, दहा मिनिटे. आपल्या मनगटावरचे घड्याळ बारा वाजले म्हणते तेव्हा गडचिरोलीच्या सूर्याचे बारा वाजायला अजून दहा मिनिटे बाकी असतात. शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर हेच. चंद्रपूरला हा फरक पावणेतेरा मिनिटांच्या आसपास आहे, भामरागडला पावणेआठच्या आसपास. मुंबई ७२°५०′ वर, तिथे तो जवळपास ३९ मिनिटे. म्हणून तुमचा मुंबईतला मामेभाऊ सकाळी साडेसहाला "अजून अंधार आहे" म्हणतो तेव्हा तुमच्या अंगणात ऊन आलेले असू शकते. दोघांचेही घड्याळ बरोबर असते, दोघांचाही सूर्य बरोबर असतो.

पूर्वी अशी प्रत्येक गावाची आपापली वेळ असायची. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि गोंधळ होऊ लागला, तेव्हा भारतातल्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रासचा रेखांश सुमारे ८०°१५′. म्हणजे गंमत बघा, गडचिरोलीची स्थानिक वेळ आणि रेल्वेची वेळ यांत फक्त एका मिनिटाचा फरक होता! १ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाण वेळ आली. मुंबईने मात्र आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' पुढे कित्येक वर्षे सोडली नाही.

काठी, ओळंबा आणि घड्याळ

आता प्रत्यक्ष करू या. शाळेच्या मैदानात सपाट जागा निवडा. साधारण मीटरभर उंचीची सरळ बांबूची काठी रोवा. आपल्याकडे बांबूला तोटा नाही! गवंडीकाकांकडून ओळंबा आणून काठी बरोबर उभी आहे याची खात्री करा. काठी जराशी जरी कलली तरी सगळा प्रयोग फसतो, त्यामुळे इथे घाई नको.

बरेच जण म्हणतात, सावली सर्वांत लहान होईल ती वेळ नोंदवा, तीच स्थानिक मध्यान्ह. सांगायला सोपे आहे, पण करून बघा. मध्यान्हीच्या आसपास दहा-पंधरा मिनिटे सावलीची लांबी जवळपास बदलतच नाही. नेमका क्षण कोणता हे डोळ्यांना कळत नाही. त्यापेक्षा जुनी आणि चांगली पद्धत अशी: सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास सावलीचे टोक जिथे असेल तिथे खूण करा आणि वेळ नोंदवा. काठीच्या बुंध्याला दोरी बांधून त्या खुणेतून जाणारे वर्तुळ जमिनीवर काढा. सावली आधी लहान होईल, वर्तुळाच्या आत जाईल, मग दुपारी पुन्हा वाढत वाढत दुसऱ्या बाजूने वर्तुळाला टेकेल. तो क्षण पकडा. या दोन वेळांची बरोबर मधली वेळ म्हणजे तुमची मध्यान्ह. आणखी एक फायदा आहे. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम दिशा दाखवते. होकायंत्राशिवाय!

समजा, २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर तुम्ही गडचिरोलीत हा प्रयोग केला. सकाळी सावली १०.५० ला वर्तुळावर होती आणि दुपारी १.५५ ला पुन्हा टेकली. मधली वेळ येते १२ वाजून २२ मिनिटे ३० सेकंद. प्रमाण वेळेपेक्षा साडेबावीस मिनिटे उशीर. ४ ने भागले तर ५.६ अंश. मग रेखांश ७६.९ अंश? म्हणजे गडचिरोली थेट अकोल्याच्याही पश्चिमेला?

इथे घाबरू नका, तुमची काठी चुकलेली नाही. सूर्यच वक्तशीर नाही. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आसही कललेला आहे. या दोन कारणांमुळे सूर्य वर्षभरात कधी घड्याळाच्या पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. २६ जानेवारीला तो सुमारे साडेबारा मिनिटे मागे असतो. ११ फेब्रुवारीच्या सुमारास सर्वांत मागे, सव्वाचौदा मिनिटे. ३ नोव्हेंबरच्या सुमारास सर्वांत पुढे, जवळपास साडेसोळा मिनिटे. आणि वर्षातून चार वेळा तो घड्याळाशी जुळतो: १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास. चांगल्या पंचांगात किंवा खगोलशास्त्राच्या तक्त्यात रोजचा आकडा मिळतो.

तर आपल्या साडेबावीस मिनिटांतून ही साडेबारा मिनिटे वजा करा. उरली दहा. दहा भागिले चार, अडीच अंश. ८२.५ वजा २.५ बरोबर ८०. आले की नाही गडचिरोली जागेवर?

ही दुरुस्तीही नको असेल तर एक युक्ती आहे, आणि मला ती जास्त आवडते. चंद्रपूरच्या एखाद्या शाळेशी आणि भामरागडच्या एखाद्या शाळेशी बोलून ठेवा आणि एकाच दिवशी दोन्हीकडे प्रयोग करा. सूर्याचा मागे-पुढेपणा दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. दोन मध्यान्हींमध्ये पाच मिनिटांच्या आसपास फरक आला पाहिजे. घड्याळे मात्र आधी रेडिओच्या किंवा मोबाइलच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवून घ्या.

सेकंदापर्यंत का? आपल्या अक्षांशावर, म्हणजे २०° उत्तरेच्या आसपास, रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.६ किलोमीटरचा असतो. (विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा असतो, पुढे ध्रुवाकडे रेषा जवळ येत जातात.) म्हणजे घड्याळाची एक मिनिटाची चूक तुम्हाला २६ किलोमीटर हलवते. गडचिरोलीत उभे राहून तुम्ही धानोऱ्याच्या रस्त्यावर बरेच पुढे पोचलात असे गणित सांगेल. एका सेकंदाची चूक सुद्धा ४३५ मीटरची.

आता सिरोंचाकडे वळू. गडचिरोली आणि सिरोंचाची मध्यान्ह एकाच वेळी होते, कारण रेखांश सारखाच. पण 'शून्य सावली'चा दिवस, म्हणजे सूर्य अगदी डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, दोन्हीकडे वेगळा. सिरोंचाला तो १५ मेच्या आसपास येतो, गडचिरोलीला २१ मेच्या आसपास. मध्यान्हीची घटका रेखांश ठरवतो, शून्य सावलीची तारीख अक्षांश. दोघांतला फरक मुलांना समजावायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. सुट्टी असते खरी, पण घरच्या अंगणात करायला काय हरकत आहे?

घड्याळ नव्हते तेव्हा

आता तुम्ही म्हणाल, सर, आपल्याकडे प्रमाण वेळ दाखवणारे घड्याळ आहे. ते नसते तर? बरोबर विचारलेत. हीच तर शेकडो वर्षांची अडचण होती. स्वतःच्या गावची वेळ सूर्य सांगतो. पण त्याच क्षणी दुसऱ्या गावी किती वाजले आहेत, हे कोण सांगणार?

एक उत्तर आपल्या 'सूर्यसिद्धान्त' या ग्रंथात आहे: चंद्रग्रहण. चंद्रावर पृथ्वीची सावली पडते ती घटना सगळ्यांना एकाच क्षणी दिसते. उज्जैनसाठी गणिताने काढलेली ग्रहणाची वेळ आणि आपल्या गावी दिसलेल्या ग्रहणाची स्थानिक वेळ यांतला फरक काढा, म्हणजे आपण उज्जैनच्या पूर्वेला की पश्चिमेला आणि किती, ते समजते. ७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास चंद्रग्रहण आठवा. प्रमाण वेळेनुसार रात्री ११.४१ च्या सुमारास ते मध्यावर होते. त्या क्षणी गडचिरोलीच्या स्थानिक वेळेचे ११.३१ झाले होते आणि उज्जैनच्या स्थानिक वेळेचे ११.१४. फरक १७ मिनिटे, म्हणजे सव्वाचार अंश. नकाशात पडताळून बघा, बरोबर येते. अडचण एवढीच की ग्रहण रोज होत नाही, आणि सावलीची कड अंधुक असल्याने नेमका क्षण पकडणे कठीण जाते.

गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार मोठे उपग्रह पाहिले आणि माणसाला आकाशात जणू नवे घड्याळ मिळाले. हे उपग्रह वरचेवर गुरूच्या सावलीत शिरतात आणि बाहेर येतात, त्यांचे वेळापत्रक आधीच छापता येते. जमिनीवर दुर्बीण स्थिर ठेवून हे जमते, पण हलत्या जहाजावर नाही. १७०७ मध्ये इंग्लंडजवळच्या सिली बेटांच्या खडकांवर चार युद्धनौका फुटल्या, शेकडो खलाशी बुडाले. पुढे १७१४ साली तिथल्या संसदेने समुद्रावर रेखांश काढण्याच्या खात्रीशीर पद्धतीला वीस हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस लावले. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने त्यासाठी आयुष्यभर घड्याळे बनवली. त्याचे चौथे घड्याळ १७६१-६२ च्या जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांत फक्त पाच सेकंदांनी मागे पडले. त्याला बक्षिसासाठी किती झगडावे लागले ती वेगळीच कहाणी आहे, पुन्हा कधीतरी.

मद्रासचा आकडा आणि आपल्या गावांची जागा

आपल्या भागाचा रेखांश प्रथम नीट मोजला गेला तो मात्र ना ग्रहणाने, ना घड्याळाने. तो त्रिकोणांनी आला, मद्रासहून चालत चालत.

विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत भारताची मोजणी सुरू केली. त्याचा मोठा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, जवळजवळ अर्ध्या टनाचा होता. एका टेकडीवरून दोन टेकड्यांमधला कोन मोजायचा, गणिताने बाजूंची लांबी काढायची, पुन्हा पुढची टेकडी. ७८° रेखावृत्ताच्या आसपास दक्षिणोत्तर जाणारी ही त्रिकोणांची माळ विदर्भातून गेली. नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तिथे आहे. चंद्रपूरहून वर्ध्याला जाताना आपण हिंगणघाटवरून कितीदा जातो, पण ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

आता विचार करा. त्रिकोणांनी फक्त अंतर आणि दिशा कळते. मद्रासपासून आपण किती पूर्वेला किंवा पश्चिमेला, एवढेच. पण ग्रीनिचपासून किती? त्यासाठी मद्रासच्या वेधशाळेचा रेखांश आधी माहीत हवा. तो गुरूच्या उपग्रहांच्या आणि चंद्राच्या निरीक्षणांवरून काढलेला होता. मद्रासचा आकडा चुकला तर त्याला बांधलेली भारतातली सगळी गावे एकदमच सरकणार!

आणि तसेच झाले. पुढे तारयंत्राच्या तारा पडल्या. एका टोकाने खटका दाबला की दुसऱ्या टोकाला जवळजवळ त्याच क्षणी संकेत पोचतो, म्हणजे वेळ पाठवायला घड्याळ वाहून नेण्याची गरजच नाही. १८७० च्या दशकात तारेने वेळा जुळवून पाहिल्या तेव्हा लक्षात आले की मद्रासचा जुना रेखांश सुमारे अडीच मिनिटांनी जास्त धरला गेला होता. ही मिनिटे घड्याळाची नव्हेत, अंशाची, म्हणजे अंशाचा साठावा भाग. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण आपल्या अक्षांशावर अंशाचे एक मिनिट म्हणजे पावणेदोन किलोमीटर, आणि अडीच मिनिटे म्हणजे चार किलोमीटरहून जास्त. नकाशातली गावे एकमेकांपासून बरोबर अंतरावर होती, नद्या-डोंगर जागच्या जागी होते, फक्त सगळी जाळी चार किलोमीटर पूर्वेला सरकलेली होती. गंमत म्हणजे लगेच सगळे नकाशे बदलले नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवर तळाशी बारीक अक्षरांत एक टीप असायची, की या नकाशातील रेखांशातून इतकी मिनिटे-सेकंद वजा करावीत. जुना नकाशा हाती आला तर आधी तळाची टीप वाचा, मग नकाशा.

आता जंगलात चला

आज खिशातला मोबाइल दोन सेकंदांत रेखांश सांगतो. पण तोही काही जादू करत नाही, वेळच मोजतो. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांत अणुघड्याळे असतात. प्रत्येक उपग्रह 'मी इथे आहे, आता इतके वाजले' असा संदेश सतत पाठवतो. संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रह किती दूर ते कळते. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की तुमची जागा ठरते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे हे घड्याळ किती काटेकोर असावे लागते याची कल्पना करा.

आपल्यासाठी कामाची गोष्ट: यासाठी मोबाइलला रेंज लागत नाही. एटापल्ली-भामरागडच्या जंगलात जिथे एकही दांडी दिसत नाही, तिथेही जीपीएस चालते. फक्त पहिल्यांदा जागा पकडायला जास्त वेळ लागतो, आणि दाट झाडीत संदेश अडतात. मोकळ्या जागी दोन-चार मिनिटे उभे राहून मग आकडा घ्या.

हा आकडा आपल्या दोन जिल्ह्यांत कशासाठी लागतो? मार्च ते मे हा मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम, आणि वणव्यांचाही. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाला दिसलेल्या आगीचे अक्षांश-रेखांश वनविभागाला पाठवते. उपग्रहाचा एक ठिपकाच ३७५ मीटरचा असतो, त्यामुळे वनरक्षकाला तिथे जाऊनही थोडे शोधावे लागते. त्यात आकडा उतरवताना आपण घोळ केला तर विचारायलाच नको.

दुसरे म्हणजे वनहक्क. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, हे तुम्हाला माहीत असेलच. अशा दाव्यात गावाची हद्द दाखवावी लागते. आजोबा सांगतात, "त्या नाल्यापासून मोठ्या मोहापर्यंत." ती साक्ष महत्त्वाचीच आहे. पण नकाशावर रेषा ओढायला त्या नाल्याचा आणि त्या मोहाचा अक्षांश-रेखांश लागतो, आणि अनेक गावांत दहावी-बारावीची मुलेच मोबाइल घेऊन हे बिंदू टिपतात. म्हणून पुढचा परिच्छेद नीट वाचा. माझ्या मते या संपूर्ण पाठातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे.

रेखांश लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक, अंश-मिनिटे-सेकंद: ८०°३०′. दुसरी, दशांश: ८०.५. दोन्ही एकच जागा दाखवतात, कारण अंशाची मिनिटे ६० असतात आणि ३० म्हणजे अर्धा अंश. पण कुणी ८०°३०′ हे घाईत ८०.३० असे लिहिले तर? ८०.३० म्हणजे ८०°१८′. बारा मिनिटांचा फरक, म्हणजे जवळपास २१ किलोमीटर! एका गावाचा मोह दुसऱ्याच तालुक्यात उगवला म्हणून समजा. मिनिटांचे दशांश करायचे तर ६० ने भागायचे, टिंब देऊन जोडायचे नाही. सेकंद असतील तर त्यांना ३६०० ने भागा.

दशांशात किती अंक लिहावेत हेही ठरवून घ्या. ८०.५ एवढेच लिहिले तर तुम्ही पाच किलोमीटर इकडेतिकडे असू शकता. चार अंक लिहिले, जसे ८०.५०१२, तर जागा दहा मीटरपर्यंत नेमकी होते. साध्या मोबाइलची अचूकताही साधारण तेवढीच असते, त्यामुळे आठ-दहा अंक उतरवून काही फायदा नाही. आणि आधी अक्षांश, मग रेखांश, हा क्रम पाळा. गडचिरोलीचे २० आणि ८० उलटे केले, म्हणजे ८०° उत्तर आणि २०° पूर्व लिहिले, तर तुमचा बिंदू नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर बर्फात जाऊन पडेल. तिथे तेंदूपत्ता मिळत नाही.

शेवटचा एक बारकावा, मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी. जुने सर्वेक्षण नकाशे एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, जीपीएस वेगळा आकार धरते. त्यामुळे जुन्या नकाशातला आणि मोबाइलमधला रेखांश एकाच विहिरीसाठी घेतला तरी त्यात शंभर मीटरहून जास्त फरक येऊ शकतो. दोन्ही आकडे एकाच कागदावर मिसळू नका. बिंदू कुठून घेतला, नकाशावरून की मोबाइलवरून, ते शेजारी लिहून ठेवा.

घरी सोडवा

१) १५ एप्रिलला एका शाळेत सावली सकाळी १०.४० ला आणि दुपारी १.४४ ला वर्तुळाला टेकली. शाळेचा रेखांश किती? (सूर्याची दुरुस्ती त्या दिवशी शून्य धरा.)

२) वनरक्षकाला संदेश आला: रेखांश ८०.४२. त्याच्या जुन्या नकाशावर अंश-मिनिटे आहेत. त्याने कोणते मिनिट शोधावे? त्याने चुकून ४२ वे मिनिट शोधले तर तो किती किलोमीटर दूर जाईल, आणि कोणत्या दिशेला?

३) महाराष्ट्र सुमारे ७२.६° पासून ८०.९° पूर्वेपर्यंत पसरला आहे. दोन टोकांच्या स्थानिक वेळांत किती मिनिटांचा फरक पडेल?

उत्तरे पडताळण्यासाठी: पहिल्याचे ७९°३०′, दुसऱ्याचे सुमारे २५ वे मिनिट, आणि चूक झाल्यास तो सुमारे २९ किलोमीटर पूर्वेला जाईल. तिसऱ्याचे सुमारे ३३ मिनिटे. दुसऱ्या उदाहरणाची रीत वहीत पूर्ण लिहा, नुसते उत्तर नको.